बर्फवाल्या बाई आणि पत्रकातून खोडलेला शब्द

बर्फवाल्या बाई कुणाच्या हातातून काही घेत नसत. चहाचा कपसुद्धा नाही. "टेबलावर ठेव," म्हणायच्या, आणि काम संपवून हातमोजे उतरवेपर्यंत तो चहा गार होऊन जायचा. रत्नागिरीतल्या ज्या इस्पितळात त्या कॅन्सरच्या संशोधनाच्या कामावर होत्या, तिथल्या आयाबाईंना हे फार लागायचं. एकदा एक आया तोंडावर म्हणाली, "आता बाई आमची शिवाशिव पाळायला लागल्या काय?" बाई खेडच्या बौद्ध घरातल्या. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, वडील प्राथमिक शिक्षक. त्या शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही पाळलीत, आता माझी पाळी." आया अशी काही ओशाळली की बाईच मग हसल्या आणि तिला जवळ बसवून खरं कारण सांगितलं. माणसाच्या बोटांवर, घामात, पेशीतलं आरएनए नावाचं नाजूक रसायन खाऊन टाकणारं द्रव्य असतं. तुझ्याही, माझ्याही, मोठ्या डॉक्टरांच्याही. एक बोट लागलं की अख्खी मेहनत फुकट.

नाव पडलं ते बंदरावर. जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन ज्या दिवशी असेल त्या सकाळी बाई स्वतः मच्छीबंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जायच्या आणि स्टीलच्या पेटीत चुरा भरून घ्यायच्या. इस्पितळाचा फ्रीज होता, पण त्याचं दार कोण कधी उघडं टाकेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. कोळी विचारायचे, "बाई, आज कुठला मासा?" बाई म्हणायच्या, "पोटातला." मग ती पेटी घेऊन ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभ्या. बसायच्या नाहीत. आतून गाठीचा एक तुकडा आणि तिच्या शेजारच्या चांगल्या जठराचा एक तुकडा बाहेर आला की घड्याळ लावून दोन छोट्या कुप्यांत, औषधी पाण्यात, आणि तिथून बर्फात. दुसऱ्या दिवशी पेटी मुंबईच्या संस्थेकडे रवाना. "आरएनए कुणासाठी थांबत नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते ऑपरेशनच्या खोलीच्या पाटीसारखं वाटायला लागलं.

मी त्यांच्याकडे गेले ते भांडायला. आमचा कार्यकर्त्यांचा गट तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांसाठी दुर्बिणीच्या तपासणीची मागणी करत होता. पोटात सतत जळजळ, अन्न वर येतं, वजन उतरतंय, अशा माणसाच्या घशातून नळी घालून जठर आतून बघायचं, एवढीच ती तपासणी. त्यासाठी पूर्णगडच्या माणसाने दिवस मोडायचा, हेदवीच्या माणसाने त्याहून जास्त मोडायचा, आणि रत्नागिरीत येऊन पुढची तारीख घेऊन परत जायचं. मला कुणीतरी सांगितलं होतं की इथे एक बाई गरिबांच्या पोटातले तुकडे काढून मुंबईला पाठवते. मी गेले आणि मोठ्या आवाजात विचारलं, "आमची माणसं म्हणजे काय तुमची उंदरं आहेत?"

बाईंनी एक कागद पुढे ठेवला. रुग्णाने सही करायचा संमतीचा कागद. "वाच," म्हणाल्या. मी वाचत असताना त्यांनी चौथ्या पानावरच्या एका ओळीवर पेन टेकवलं. या संशोधनातून सहभागी व्यक्तीस प्रत्यक्ष लाभ होणार नाही. "सगळीकडे ही ओळ शेवटाला असते," त्या म्हणाल्या, "मी ती पहिली वाचून दाखवते. मग बाकीचं. निम्मी माणसं तिथंच नाही म्हणतात. त्यांना मी नमस्कार करून सोडते." असं करून त्यांचे नमुने कमी पडायचे आणि मुंबईहून फोन यायचे, हे मला पुढे कळलं. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्या माणसाने असं वागायला काय लागतं, ते ज्यांनी करारावर काम केलंय त्यांना सांगायला नको.

भांडायला गेलेली मी दर आठवड्याला जायला लागले. माझी पत्रकं त्या तपासून द्यायच्या. त्यांची एकच खोड, प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायच्या, "कशावरून?" मी लिहिलं, 'खारवलेल्या माशांनी कॅन्सर होतो.' "कशावरून? फार मीठ, मिश्री-तंबाखू, जठरात राहणारा एक जंतू, आणि आणखी कितीतरी गोष्टी मिळून धोका वाढतो. सुकटीचा एक तुकडा खाऊन कुणी मेलं नाही. सुकट विकणाऱ्या बायकांच्या पोटावर का मारतेस?" मी चिडायचे. इतकं सगळं लिहिलं तर पत्रक कोण वाचणार? "मग कमी लिही," म्हणायच्या, "पण एक वाक्य खोटं निघालं ना प्रणाली, की बाकीची नऊ खरी वाक्यंपण लोक तुझ्या तोंडावर फेकतात."

त्यांचं संशोधन नेमकं कशावर आहे हे मी एकदा त्यांच्याकडून वदवून घेतलं. म्हणाल्या, "रापण बघितलीस ना किनाऱ्यावर? शंभर माणसं जाळ्याची दोरी ओढतात. एकजण बाजूला उभा राहून नुसता हाळी देतो. तो दोरीला हात लावत नाही, मासा आणत नाही. पण त्याने थांबा म्हटलं की शंभरजण थांबतात." पेशीत असा आरएनए असतो ज्याच्यापासून प्रथिन बनत नाही. पूर्वी त्याला कचरा म्हणायचे. आता कळायला लागलंय की तो हाळी देणारा आहे. जठरातली गाठ असेच हाळी देणारे बाहेर सोडते, आणि ते शरीराच्या सैनिकांना, म्हणजे आपल्या प्रतिकाराच्या पेशींना, थांबा म्हणतात. सैनिक गाठीच्या भोवती जमलेले असतात, पण दोरी सैल सोडून उभे. "कुठली हाळी, कुणी दिली, ती बंद करता येईल का, एवढंच आम्ही शोधतोय." मग म्हणाल्या, "यातला काही आरएनए रक्तातही सापडतो. त्यामुळे पुढेमागे, कदाचित, नळी न घालता नुसत्या रक्तावरून काही अंदाज येईल. कदाचित. अजून नाही."

आता मी काय केलं ते लिहिते.

आमच्या गटात मी सतरा वर्षांची असताना आले. पत्रक कसं लिहायचं ते आम्हाला भाऊंनी शिकवलं, आमच्या गटातले सगळ्यात जुने कार्यकर्ते. त्यांचा पहिला नियम असा, की पत्रकात 'कदाचित', 'बहुधा', 'शक्यता आहे' हे शब्द दिसता कामा नयेत. सरकार लिहितं तसं. लोकांना ठाम वाक्य हवं. आम्ही एकमेकांच्या मसुद्यातून असे शब्द हुडकून खोडायचो, आणि ज्याच्या मसुद्यात जास्त सापडतील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हात इतका बसला होता की खोडताना विचार करावा लागत नसे.

गणपतीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा पत्रकं वाटण्याइतका चांगला मोका वर्षात दुसरा नाही. त्या वेळी बाई पेटी घेऊन मुंबईला गेल्या होत्या. छापखान्याला घाई होती. मी तपासून न घेता पत्रक दिलं. मागण्यांच्या वर, ठळक अक्षरांत, एक चौकट होती. 'जठराचा कॅन्सर आता नुसत्या रक्तावरून कळतो! रत्नागिरीतील संशोधक बाईंची माहिती. मग आमच्या गावांत ही तपासणी का नाही?' मला ती चौकट फार आवडली होती. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या एसटी स्टँडवर आम्ही ती वाटली. बाई परतल्यावर मी त्यांना पत्रक दाखवलं नाही. विसरले नव्हते. ओरडतील म्हणून दाखवलं नाही.

पूर्णगडची शेवंतीकाकी सुकटीची टोपली घेऊन आमच्या घरी यायची तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. हाताने जड, तोंडाने फटकळ, आणि माझ्यावर जीव. वर्ष उलटून गेल्यावर, पुढचे गणपती झाल्यानंतर, मी बाईंच्या मागोमाग वॉर्डात शिरले आणि एका खाटेवर मला कुणीतरी ओळखीचं पण अर्धंच उरलेलं दिसलं. ती काकी होती.

"काय गो बाय, इकडं कुठं?" काकीच उलट मला विचारत होती. बाईंनी स्टूल ओढून संमतीची पहिली ओळ वाचली. यातून तुम्हाला काही मिळणार नाही. काकी म्हणाली, "मग तुला काय मिळणार?"

"मला माहिती मिळेल."

"घे तर. जन्मभर माशांची पोटं फाडली, आता माझं फाडा." आणि खोकत खोकत हसली. अंगठा द्यायला तिने उशीखाली चष्मा शोधला, सही येत नसली तरी कागद बघितल्याशिवाय अंगठा द्यायची नाही हा तिचा बाणा, आणि चष्म्याबरोबर एक घडी केलेला कागद बाहेर आला. माझं पत्रक. घड्यांवर विरलेलं.

बाईंनी विचारलं, "त्रास कधीपासून होता, मावशी?"

"झालं की वर्ष. पूर्णगडच्या डॉक्टरनं नळीची चिठ्ठी दिलीन तेवाच. मीच नाय म्हटलं. नळी कशाला घालून घेऊ? हिच्या कागदावर रक्ताची सांगितलीय. नातवाकडनं वाचून घेतली. डॉक्टरला पण दाखवली. तो म्हणाला, असं काय नसतंय. मी म्हटलं, तुला ठावं नसेल, आमची पोर खोटं नाय लिवायची." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "कधी येणार गो ती रक्ताची? लय वाट बघितली."

बाईंनी हातमोज्याच्या दोन बोटांत तो कागद धरला आणि चौकट वाचली. दोनदा वाचली असावी, कारण वेळ लागला. मी खाटेच्या लोखंडी दांडीकडे बघत होते. बाई इतकंच म्हणाल्या, "कदाचित कुठं गेलं?"

बाहेर व्हरांड्यात त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कामं सांगितली. जितकी ही छापलीस तितकीच दुसरी छाप. त्याच स्टँडवर वाट. वर 'खुलासा' लिहू नकोस, लोकांना खुलासे वाचायची सवय नाही. 'मी चूक लिहिलं' असं लिही आणि खाली तुझं नाव घाल, गटाचं नको. "आणि आज-उद्यात कर. काकी एकटीच वाट बघत बसली असेल असं समजू नकोस."

भाऊंनी विरोध केला. त्यांची बाजू मांडते, कारण ते वाईट माणूस नव्हेत. दुर्बिणीची मागणी नुकती कुठे आरोग्य खात्यात वरपर्यंत पोचली होती. "आता आपणच आपल्याला खोटं म्हटलं तर ते लोक आपली मागणीच केराच्या टोपलीत टाकतील. एका म्हातारीसाठी सगळी गावं मागे ढकलणार आहेस का?" तसंच झालं, हेही सांगते. माझी कबुली छापून आल्यावर पुढच्या बैठकीत आमच्यासमोर तीच फडकवली गेली आणि विषय पुढे ढकलला गेला. तो आजही ढकललेलाच आहे. माझ्या एका चौकटीवर बोट ठेवून साहेब लोकांनी हात झटकले, आणि दुर्बीण नाही म्हणून मरणाऱ्यांचा हिशेब कुणी मागितला नाही. माझी चूक मी छापली. त्यांनी त्यांची अजून छापलेली नाही.

काकीचं पोट उघडून डॉक्टरांनी तुकडा काढला आणि परत शिवलं. काढण्यासारखं राहिलं नव्हतं. नवं पत्रक छापून झाल्यावर बाई म्हणाल्या, "पहिलं काकीला वाचून दाखव." मी म्हणाले, "तिला आता काय उपयोग?" बाईंनी माझ्याकडे जे बघितलं त्यानंतर मी पूर्णगडला गेले.

काकी ओटीवर पडली होती. पेजेचं पाणीही उलटत होतं. मी वाचलं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तेवाच नळी घालून घेतली असती, तर वाचले असते?"

इथे काहीही बोलता आलं असतं. नाही काकी, तुमचं आधीच वाढलेलं होतं. किंवा, हो काकी, मी मारलं तुम्हाला. दोन्ही ठाम वाक्यं होती. मी म्हणाले, "कदाचित."

"कदाचित काय गो? होय का नाय?"

"माहीत नाही, काकी. लवकर कळलं असतं, एवढं नक्की."

काकीने भिंतीकडे तोंड केलं. मी बराच वेळ बसले. ती पुन्हा वळली नाही. अकराव्या दिवशी ती गेली. मला तिने माफ केलं का, असं नंतर मला एकदोघांनी विचारलं. नाही केलं. का करावं?

पुढचं मला उशिरा कळलं. पत्रकात 'संशोधक बाई' छापलेलं होतं, आणि रत्नागिरीत अशी बाई एकच. मुंबईहून विचारणा आली की संस्थेच्या नावावर नसलेल्या तपासणीची जाहिरात कशी झाली. बाईंना एक ओळ लिहिता आली असती, की कार्यकर्तीने परस्पर छापलं, माझा संबंध नाही. ती खरीच ओळ होती. त्यांनी लिहिलं, 'वाक्याचा अर्धा भाग माझाच आहे.' करार वाढला नाही. मी रडत गेले तर म्हणाल्या, "प्रकल्प संपत असतात." मग, मी ऐकत नाही बघून, "मी सांगितलं तेव्हा तू वहीत लिहून घेत होतीस. मी ती वही बघायला मागायला हवी होती. नमुना हातातून जाताना मी लेबल बघते, मग वाक्य जाताना का नाही बघितलं?" काकीच्या तुकड्याचं काय झालं विचारलं, तर तो उत्तम निघाला होता, आरएनए शाबूत. तो आता मुंबईत एका आलेखातला एक ठिपका आहे. त्याच्यावर नाव नाही.

खेडला डेपोजवळच्या एका गाळ्यात रक्त-लघवीचे नमुने घेण्याचं केंद्र होतं. तिथे बाई बसायला लागल्या. पेशीतल्या हाळ्या ऐकणारी बाई, साखर आणि थायरॉइडच्या नळ्यांवर लेबलं चिकटवत. मला संताप यायचा, त्यांना आलेला मी बघितला नाही. लेबल तितकंच सरळ लावायच्या. दीडेक वर्ष तिथे काढून त्या दक्षिणेत कुठेशी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या, पुन्हा कराराने. फोन क्वचित येतो. मी काही छापलं असेल तर विचारतात, "कशावरून?"

त्या जायच्या आधी शेवटची भेट झाली ती याच गाळ्यात. मी बोलत बसले होते आणि एक म्हातारे गृहस्थ आत आले. धोतर, छत्री, पट्टा सैल झालेला म्हणून सुतळीने आवळलेली कंबर. खिशातून एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणाले, "ही तपासणी हितं होते काय?"

माझं जुनं पत्रक. चौकट वर येईल अशी घडी.

बाई म्हणाल्या, "असे येतात अधूनमधून. मी रक्त घेत नाही. दुर्बिणीला पाठवते." आणि माझ्याकडे बघून, "आज तू सांग."

मी उठून उभी राहिले. "आजोबा, अशी तपासणी नाही. नळी घालूनच बघावं लागतं. रत्नागिरीला जा, आजच जा."

"पण हितं लिवलंय."

"ते मी लिहिलंय. खोटं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग बाईंकडे, मग परत कागदाकडे. छापलेलं एकीकडे आणि समोर उभी असलेली पोरगी एकीकडे. त्यांनी कागद उचलला, नीट घडी घातली, खिशात ठेवला आणि डेपोकडे चालू लागले. रत्नागिरीची गाडी लागलेली होती. मी दारातून बघत होते. ते तिच्यासमोरून पुढे गेले आणि दापोलीच्या गाडीत चढले.

मी आत आले. बाई लेबल लिहीत होत्या.

"बसले?"

"दापोलीच्या गाडीत."

"नाव विचारलंस?"

"नाही."

"गाव?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आता शोधणार कसं?"

दापोलीची पुढची गाडी पाऊण तासाने होती. मी त्या गाडीत बसले.